भूगोल घेऊन पोटापाण्याचं काय? (भाची पुण्यात यायचं म्हणतेय)

कोपऱ्यावरचा_मामा | ३ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पावसाच्या तोंडावर इथे 'बारावीनंतर काय' असा एक तरी धागा निघतोच. यंदा माझा नंबर.

बहीण करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. भाची बारावी सायन्स झाली, ७८ टक्के. सीईटी दिलीय, बरी गेली म्हणते. दाजींचं म्हणणं कॉम्प्युटर इंजिनीअरिंग. पोरीचं म्हणणं भूगोल. पुण्यात बी.ए. नाहीतर बी.एस्सी. भूगोल, 'पुढचं पुढे बघू'. या 'पुढे बघू'ने दाजींची झोप उडाली आणि त्यांनी रोज रात्री फोन करून माझी उडवली.

मी केलेला हिशेब असा. दोन कॉलेजांत जाऊन विचारलं, अनुदानित तुकडीची फी वर्षाला १०-१५ हजारांत बसेल. पण पेठेत कॉट बेसिसवर महिना ३,५०० ते ४,०००, दोन वेळची मेस ३,२००, अभ्यासिका १,०००, वर बस, झेरॉक्स, मोबाइल. महिना १० हजारांच्या खाली काही येत नाही. वर्षाचे १० महिने धरले तरी लाख. म्हणजे शिकायला १५ हजार आणि शिकायच्या जागेशेजारी झोपायला एक लाख!

भूगोल केलेल्यांनी कृपया सांगा. काय केलंत, हाताला काय लागलं, परत करायचं झालं तर कराल का? मी स्वतः कॉमर्सवाला, मला नकाशात फक्त धायरी सापडते.

कडूकारले | रात्री ९:५२

भूगोल करून पत्ता सांगता येतो. पुण्यात तोही कोणी सांगत नाही.

चिंचेचं_बुटुक | रात्री १०:०५

मामा, स्वतःचं घर धायरीत असताना कॉट बेसिसचा हिशेब कशाला मांडताय? मामी काय म्हणते ते आधी लिहा. अर्धा धागा तिथेच संपेल.

कोपऱ्यावरचा_मामा | रात्री १०:११

मामीला अजून विचारलेलं नाही. कोणी ओळखीचं असेल तर तिला हा धागा दाखवू नका.

हिशेबनीस | रात्री ११:२०

मामा, तुमच्या हिशेबात दोन चुका आहेत. धंद्याने सीए आहे, त्यामुळे राहवत नाही.

पहिली: भूगोल स्वस्त, इंजिनीअरिंग महाग असं तुम्ही धरून चाललाय. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींचं शिक्षण शुल्क सरकार पूर्ण भरतं. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, ईडब्ल्यूएस, ओबीसी किंवा एसईबीसीत बसायला हवं आणि प्रवेश कॅपमधून (सरकारी केंद्रीय फेऱ्यांतून) झालेला हवा. पोरगी त्यात बसत असेल तर इंजिनीअरिंगची मोठी फी कागदावर राहते, घरून द्यायचं ते राहणं-खाणं. ते दोन्हीकडे सारखंच. साधं बी.ए. या योजनेत येत नाही.

दुसरी, आणि मोठी: तीन वर्षांनी पोरगी २१ची होईल आणि नुसत्या बी.ए.वर कोणी विचारणार नाही. मग एम.ए., मग बी.एड. किंवा नेट-सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा), किंवा पेठेतली अभ्यासिका. महाग पडतात ती ही 'मग'वाली वर्षं. फी ३ वर्षांची मोजलीत, वर्षं ७ मोजा.

विषयाशी माझं वैर नाही. आवड असेल तर ट्रेकला जा, नकाशे जमवा. त्यासाठी पदवी लागत नाही.

सदाशिवातला_परका | ४ जून, पहाटे १:१५

हिशेबनीस यांनी 'पेठेतली अभ्यासिका' लिहिलं आणि जागाच झालो. (जागाच होतो. हलकेच घ्या.)

मी परभणीहून पुण्यात आलो, बी.ए. भूगोल केलं तेच मुळी स्पर्धा परीक्षेसाठी. तेव्हा सगळे सांगायचे, भूगोल घे, डबल फायदा. फायदा खोटा नाही. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात भूगोल येतो, वर ऐच्छिक विषय म्हणून घेतला तर २५०-२५० चे दोन पेपर. राज्यसेवाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तिथेही आता ऐच्छिक विषयाला ५०० गुण. पर्यावरण, शेती, आपत्ती व्यवस्थापन, सगळीकडे थोडं थोडं कामाला येतं.

पण माझ्या खोलीत आम्ही चौघे होतो. एक भूगोल, एक मेकॅनिकल, एक बी.फार्म., एक बी.एस्सी. ॲग्री. पूर्व परीक्षा चौघांनीही काढली. पोस्ट निघाली ॲग्रीवाल्याची, तीही त्याच्याच खात्यातली. मेकॅनिकलवाला तीन प्रयत्नांनंतर चाकणला गेला, त्याला परत जायला दार होतं. माझ्याकडे दार नव्हतं, म्हणून सहा प्रयत्न दिले. सहाव्या वेळी मेसच्या काकूंनी विचारलं, "यंदा खाडे किती धरू?" गावी जाणार की नाही हे त्या दर दिवाळीला विचारायच्या. तीन दिवसांच्या आतला खाडा धरत नसत, चौथ्या दिवसापासून ताटाचे पैसे वजा. मी गावी जायचो ते चार दिवसांच्या हिशेबाने. आईला वाटायचं अभ्यास फार आहे.

आता बँकेत क्लार्क आहे. तिथे कोणतीही पदवी चालते. बरं चाललंय.

पोरीला सांगा, परीक्षा द्यायचीच असेल तर कुठलीही डिग्री घेऊन देता येते. परीक्षेसाठी म्हणून भूगोल घेऊ नको.

रानवारा | सकाळी ७:३०

खाडे वाचून चहा गार झाला.

दहावी_२०२० | सकाळी ८:०२

भूगोलावर बोलायचा हक्क आमच्या बॅचला नाही. २३ मार्च २०२० ला आमचा दहावीचा भूगोलाचा पेपर होता. लॉकडाऊनमुळे पुढे ढकलला, नंतर रद्दच झाला आणि इतर विषयांच्या सरासरीने गुण पडले. मी आदल्या रात्री जागून ब्राझीलची लोकसंख्या पाठ केली होती. ती आजतागायत कोणी विचारलेली नाही.

कडूकारले | सकाळी ८:१०

बघा. विषयच असा की पेपर झाला नाही तरी कोणाचं काही अडलं नाही.

पॉलिगॉन | सकाळी ११:४५

जरा मोठं लिहितोय, जेवणाच्या सुट्टीत वाचा.

एम.ए. भूगोल, २०१४ पास, पुणे. वर्गात ३० जण होतो. शेवटच्या वर्षी जीआयएसचा (कॉम्प्युटरवर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळायचं तंत्र) पेपर होता, लॅबमध्ये आठ मशीन, त्यातली पाच चालू. पास झाल्यावर पूर्वेकडच्या एका आयटी पार्कात मॅपिंगच्या कंपनीत लागलो, महिना १२,५००, रात्रपाळी. काम काय, तर अमेरिकेतल्या शहरांचे हवाई फोटो स्क्रीनवर घ्यायचे आणि प्रत्येक घराच्या छपराच्या कडेने माउस फिरवून पॉलिगॉन काढायचा. छप्पर आणि सावली यातला फरक ओळखायचा, छप्पर एका बाजूला कललेलं दिसतं म्हणून पायाची रेघ किती सरकवायची ते ठरवायचं. रात्रीत ४०० छपरांचं टार्गेट. क्यूसीला (तपासणीत) शंभरात दोनपेक्षा जास्त चुका निघाल्या की परत. ओहायोतल्या एका गावातल्या लोकांची स्विमिंग पूल कुठेकुठे आहेत हे मला आजही सांगता येईल, बिबवेवाडीत आमच्या गल्लीत पाणी कधी येतं ते सांगता येत नाही.

२०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या साडेबारा कोटी इमारतींच्या कडा मशीनकडून काढून घेतल्या आणि नेटवर फुकट टाकल्या. आम्ही ती बातमी रात्री अडीचला कँटीनमध्ये वाचली. कोणी बोललं नाही. सहा महिन्यांत आमची टीम ६० वरून १४ वर आली.

मी वाचलो ते त्याआधीचं वर्षभर घरी क्यूजीआयएस, कोडसाठी पायथन आणि डेटाबेससाठी एसक्यूएल शिकत होतो म्हणून. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कुठल्याही लॅपटॉपवर चालतं. आज डेटाबेसचं काम करतो, पगार सुरुवातीच्या सहापट आहे, दिवसपाळी आहे, मुलगी मला ओळखते.

हिशेबनीस म्हणतील, मग थेट कॉम्प्युटरच करायचं ना! आमच्याकडे कॉम्प्युटरवाले आहेत. हुशार पोरं. गेल्या वर्षी एकाने नकाशाचे दोन थर एकावर एक टाकले, सगळे रस्ते नदीत. एका थराचे अक्षांश-रेखांश एका पद्धतीचे, दुसऱ्याचे दुसऱ्या. त्याने कोडमध्ये दोन दिवस चूक शोधली. प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत) हा शब्द त्याने सिनेमाच्या संदर्भातच ऐकला होता. मला चूक चहा गार व्हायच्या आत दिसली. (रानवारा, तुमचाच चहा.)

नुसता भूगोल म्हणजे छपरं. भूगोल आणि कोड म्हणजे नोकरी. नुसता कोडही चालतो, पण रस्ते नदीत जातात.

हिशेबनीस | दुपारी १:१०

पॉलिगॉन, प्रतिसाद आवडला. पण ३० जणांच्या वर्गातले बाकीचे २९ काय करतात? तुमच्यासारखे किती? एक वाचलेला माणूस पोहणं किती सोपं ते सांगतो.

पॉलिगॉन | दुपारी १:३२

रास्त प्रश्न. आमच्या ग्रुपवर २२ जण आहेत. मोजले. जीआयएसमध्ये ६ (त्यातले ४ सुरुवातीपासून, २ नंतर आले), शिक्षक ५, त्यातले पूर्ण पगारावर २. पोलीस १, तलाठी १, बँक-विमा ३, शेती २, लग्नानंतर घरी ३, एकाची भिगवणला फ्लेमिंगो दाखवायची बोट आहे आणि तो सगळ्यात खूश दिसतो. ही आमच्या एका वर्गाची गोष्ट, यावरून नियम काढू नका.

चिंचेचं_बुटुक | दुपारी १:४०

फ्लेमिंगोवाल्याचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा.

खडूफळा | दुपारी ४:२५

पूर्ण पगारावर २ हा आकडा वाचून हसू आलं, कारण मी उरलेल्या तिघांतली आहे. त्यांच्या वर्गातली नाही, पण जातकुळी तीच.

एम.ए. भूगोल, बी.एड. (आता ते दोन वर्षांचं आहे), टीईटी, टेट (शिक्षक पात्रतेची आणि भरतीची परीक्षा). आठ वर्षं एका विनाअनुदानित शाळेत. टप्पा अनुदान येणार, येणार म्हणत आमच्यातल्या दोघी निवृत्तीला आल्या. पवित्र पोर्टलवर (शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर) प्राधान्यक्रम भरायची पाळी आली की शिक्षक-खोलीत जो शांतपणा पसरतो, तो परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा नसतो. कॉलेजात जायचं तर सेट-नेट हवं, आणि ते असूनही माझी मैत्रीण दरवर्षी जूनमध्ये तासिका तत्त्वावर नव्याने मुलाखत देते, त्याच कॉलेजात, त्याच खुर्चीसमोर.

दुसरी गोष्ट. बऱ्याच शाळांत भूगोल शिकवतं कोण? इतिहासाचा शिक्षक, भाषेचा शिक्षक, ज्याचे तास कमी भरतात तो. त्यामुळे मुलांना भूगोल म्हणजे 'भौगोलिक कारणे लिहा' आणि नकाशात रंग भरणं एवढाच ठाऊक. मी दरवर्षी सहावीला मेणबत्ती आणि ग्लोब घेऊन दिवसरात्र दाखवते. एका पोराने विचारलं, "बाई, मग अमेरिकेतली माणसं झोपेतच शाळेत जातात का?" त्या दिवसाचा पगार मला मिळाला असं मी धरते. खरा पगार विचारू नका.

परत करीन का? विषय परत घेईन. बी.एड. नाही.

४७एफ_१४ | सायंकाळी ६:५०

निवृत्त प्राध्यापक, भूगोल. कुतूहल असणाऱ्यांसाठी: माझं नाव म्हणजे पुणे शहराच्या टोपोशीटचा (सर्व्हे ऑफ इंडियाच्या तपशीलवार नकाशाचा) क्रमांक. सिंहगड पाहायचा तर ४७एफ/१५ घ्यावी लागते. मामा, तुमची धायरीही त्यातच येते, ती तुम्हाला नकाशात सापडते हे कौतुकास्पदच.

आधी कामाचं सांगतो. भाची बारावी सायन्स आहे तर बी.एस्सी. भूगोलाचा विचार करा. नवीन धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष ऑनर्सचं करता येतं. चौथं केलं तर पुढचं एम.ए./एम.एस्सी. एका वर्षाचं. भूगोलाच्या जोडीला दुय्यम विषय कोणता मिळतो हे कॉलेजागणिक वेगळं. संख्याशास्त्र किंवा संगणक मिळत असेल तर ते कॉलेज घ्या, इमारत कितीही जुनाट असो. प्रवेशाआधी प्रात्यक्षिकाची खोली बघायला मागा. कपाटातल्या टोपोशीटवर धूळ आहे का बघा, आणि मशीन किती आहेत हे न विचारता किती चालू आहेत ते विचारा. पॉलिगॉनच्या लॅबमध्ये आठातली पाच चालू होती म्हणजे ते भाग्यवान.

हिशेबनीस यांना एवढंच: 'आवड असेल तर ट्रेकला जा' हे म्हणजे आकड्यांची आवड असेल तर हाउजी खेळा म्हणण्यासारखं आहे. एकदा पाच मुलींची तुकडी मैदानावर प्लेन टेबलचं सर्वेक्षण करत होती. तिपाईवर पाटा, त्यावर कागद, यू-फोर्कला ओळंबा, ठिकठिकाणी लाल-पांढरे रॉड. पहिल्या खुणेपासून निघालेली रेघ फिरून परत पहिल्या खुणेवर यायला हवी. यांची ७ मिलिमीटर बाजूला. पुन्हा केलं, पुन्हा ७. तिसऱ्यांदा एकीला रडू फुटलं. मी उत्तर माहीत असून गप्प होतो, हे कबूल करतो. शेवटी जी सगळ्यात कमी बोलायची तिने पाट्यावर होकायंत्राशेजारी ठेवलेली पत्र्याची कंपासपेटी उचलली. सुई हलली. दर वेळी चारांतल्या त्याच एका ठिकाणी पेटी तिथे ठेवली जात होती. दुपारचे चार वाजले होते, कोणीही डबा खाल्लेला नव्हता.

ती मुलगी पुढे डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाला गेली. उत्खननात नदीने गाळ कुठून आणून टाकला हे वाचण्याचं काम करते. पगाराचं मी कधी विचारलं नाही, ही माझ्या पिढीची खोड.

मोजणीदार_नव्हे | रात्री ८:१५

सरांना नमस्कार. माझी फजिती लिहून ठेवतो, भाचीच्या कामी येईल.

एम.ए. भूगोल झाल्या झाल्या भूकरमापकाची भरती निघाली. घरात पेढे यायचेच बाकी. जमीन मोजायची, नकाशा करायचा, यात भूगोलवाल्याचा नाही तर कोणाचा हक्क? फॉर्म भरायला बसलो, शैक्षणिक अर्हतेच्या खिडकीत दोनच पर्याय. सिव्हिलचा डिप्लोमा, किंवा दहावी आणि आयटीआय सर्वेअर. मी दोनदा पान रिफ्रेश केलं. माझा चुलतभाऊ आयटीआय सर्वेअर, मी त्याला 'दहावी पास' म्हणून चिडवायचो. तो आज मोजणीला गेला की अख्खं गाव बांधावर हात बांधून उभं असतं. माझ्याकडे पदवी आहे, त्याच्याकडे रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने जमीन मोजायचं यंत्र).

चूक माझी. पाच वर्षं शिकलो, जाहिरात एकदा उघडून वाचली नाही.

रानवारा | रात्री ८:४०

मग हवामान खातं? शिवाजीनगरलाच तर आहे सिमला ऑफिस. मामाला बसने सोडता येईल.

४७एफ_१४ | रात्री ९:०५

१९२८ साली हवामान खात्याचं कार्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून ते नाव. पण तिथेही मोजणीदारांसारखीच गत. सायंटिफिक असिस्टंटला पदवीत भौतिकशास्त्र, किंवा संगणक-माहिती तंत्रज्ञान, किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा मागतात. भूगोलात मोसमी वारे चार वर्षं शिकवले जातात, वाऱ्याच्या घरात प्रवेश मात्र भौतिकशास्त्राला. बी.एस्सी.ला सोबत भौतिकशास्त्र मिळत असेल तर हे दार किलकिलं राहतं.

उलट एक दार लोकांना ठाऊक नसतं: नगररचना. एम.प्लॅनला (नगररचनेच्या पदव्युत्तर पदवीला) आर्किटेक्ट आणि सिव्हिलवाल्यांबरोबर भूगोलाचे पदव्युत्तरही घेतात.

कडूकारले | रात्री ९:३०

नगररचनेचं नावच काढू नका. २५ सप्टेंबर २०१९, आंबील ओढा. आमच्या सोसायटीच्या तळघरात १४ गाड्या होत्या, रात्री अकराला सगळ्या एका भिंतीला गोळा झाल्या होत्या. माझी स्कूटर दुसऱ्याच्या गाडीच्या बॉनेटवर सापडली. घर घेताना बिल्डरने नकाशा दाखवला होता, त्यात ओढ्याच्या जागी 'लँडस्केप गार्डन'.

४७एफ_१४ | रात्री ९:४८

तुमच्या इमारतीची जागा जुन्या टोपोशीटवर बघा. निळी रेघ असेल. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) जिथे इंग्रजी व्हीसारख्या डोंगराकडे टोक करून वळतात, तिथून पाणी जातं. कागदावर बाग काढली म्हणून ते वळसा घेत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर १:५०,०००चे नकाशे उतरवून घेता येतात.

कडूकारले | रात्री १०:२०

बघितलं. आहे रेघ.

कडूकारले | रात्री १०:२२

ही गोष्ट घर घेण्याआधी कोणी फी घेऊन सांगणार असेल तर मी १० हजार दिले असते. भाचीला सांगा, हा धंदा चालेल.

एन्स्खेडेकर | ५ जून, रात्री १२:५०

अवांतर चाललंय त्यात माझी भर. पुण्यात बी.एस्सी., मग नेदरलँड्समध्ये एन्स्खेडे गावी आयटीसी म्हणून संस्था आहे, तिथे जिओइन्फर्मेशनमध्ये मास्टर्स. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून गेलो, नाहीतर वडिलांची जमीन विकावी लागली असती आणि मग कसला भूगोल. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानेही २०२४ पासून फी लावलीय. राहण्याचा खर्च आहेच. या गोष्टी भाचीने तिसऱ्या वर्षी वाचाव्यात, आज दाजींसमोर उच्चारू नयेत.

हिशेबनीस | सकाळी ९:१५

मी नीट मोजतोय. जीआयएसचे चांगले चाललेले सगळे जण 'भूगोल अधिक काहीतरी' वाले आहेत. शिक्षकीत रांग, परीक्षेत लॉटरी, सरकारी तांत्रिक जागांत दार बंद. मग 'काहीतरी' मुख्य आणि भूगोल अधिक, असं का नको?

चर_ताई | दुपारी ३:३५

कारण काही कामं मुळातूनच भूगोलाची असतात, साहेब.

पाणलोटाच्या कामात ९ वर्षं. बी.ए. भूगोल, अनुदानित, वर्षाची फी चार आकडी होती. सुरुवात ८ हजारांवर, आज ३१ हजार, प्रकल्प संपला की करार संपतो, पुढचा मिळेपर्यंत दोन महिने माहेरी. हे आधीच सांगते, नाहीतर हिशेबनीस विचारतील.

गेल्या उन्हाळ्यात एका गावात सलग समतल चर खणायचे होते. चर एका पातळीत गेला तर पाणी उभं राहून मुरतं, बोटभर उतार राहिला तर चराचाच ओढा होतो. ठेकेदाराच्या पोराने मोबाइलवरून आखणी केली होती. मी दोन नळकांड्यांची पाण्याची नळी घेऊन चालले, २० मीटरवर वीतभर फरक निघाला. पोरगं म्हणालं, ॲपमध्ये तर बरोबर दाखवतंय. एक आजोबा धोतर खोचून बसले होते, म्हणाले, "पाण्याला दाखव की तुझं ॲप."

करमाळ्याकडची मुलगी आहे म्हणून लिहितेय. मामा, तिला भूगोल का हवा हे इथे कोणीच विचारलेलं नाही. तुम्ही विचारलंत का?

चिंचेचं_बुटुक | दुपारी ३:५०

आणि मामीला?

कोपऱ्यावरचा_मामा | २६ जून, रात्री १०:३०

उशिरा येतोय, क्षमस्व. धाग्याची प्रिंट काढून दाजींना दिली होती. सदाशिवातला_परका यांचं खाड्याचं वाचून ते बराच वेळ गप्प बसले. ते स्वतः दोन वर्षं पुण्यात राहून परत गेलेले, हे मला लग्नाला २० वर्षं झाल्यावर आत्ता कळलं.

चर_ताईंच्या सांगण्यावरून भाचीला विचारलं. तिने लॅपटॉप उघडला. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं मागेपुढे करता येतात, तिथे तिने त्यांच्या शिवाराजवळचा उजनीचा काठ दर मे महिन्याला कुठे होता त्या रेघा काढल्यात. रंगीत, वर्षागणिक. आजोबांची जुनी वस्ती धरणात गेलेली, पाणी उतरलं की जोती वर येतात, कोणत्या साली किती आली ते तिने आजोबांना विचारून बाजूला लिहिलंय. दोन ठिकाणी आजोबा आणि उपग्रह यांचं जमत नाही. ती म्हणाली, "मामा, ११७ टीएमसीचं धरण घराच्या मागं आहे आणि आमच्या विहिरीला फेब्रुवारीनंतर पाणी नाही. हे का, ते मला कोणी नीट सांगत नाही. कॉम्प्युटरवाले सांगतील का?" मी कॉमर्सवाला, चहा प्यायलो.

सीईटीला ८४ पर्सेंटाइल पडले. दाजींनी कॅपचा फॉर्म भरून ठेवलाय, तो मागे घेतलेला नाही. आणि बी.एस्सी. भूगोल, दुय्यम विषय संख्याशास्त्र मिळतंय अशा एका कॉलेजात तिचं नाव लागलंय. ४७एफ सर, लॅब बघितली. बारा मशीन, अकरा चालू, टोपोशीटच्या कपाटाची चावी कोणाकडे ते दहा मिनिटं कोणाला सांगता येईना. मग शिपायाने आणली. वर धूळ होती, आत नव्हती.

हिशेबनीस, तुमच्यासाठी: तिने लिहून दिलंय. तीन वर्षांत पायथन आणि क्यूजीआयएस, प्रत्येक सुट्टीत कुठेतरी कामाचा अनुभव, आणि आवडीच्या दहा नोकऱ्यांच्या जाहिराती आत्ताच काढून अर्हतेच्या ओळीखाली लाल रेघ. ही शेवटची कल्पना मोजणीदार_नव्हे यांच्यावरून. दहापैकी चारांत नुसती भूगोलाची पदवी चालते. दाजी म्हणाले चारच? ती म्हणाली चार आहेत.

हिशेबनीस | रात्री १०:५५

चाराला मी नापास करणार होतो. पण बारावीत जाहिरात वाचणारी पोरगी मला आमच्या आर्टिकलशिपलाही मिळत नाही. कॅपची पहिली फेरी होईपर्यंत दोन्ही दोर हातात ठेवा.

मोजणीदार_नव्हे | रात्री ११:०२

लाल रेघ. डोळे भरून आले.

कडूकारले | रात्री ११:१०

पहिलं गिऱ्हाईक मी. आणखी एक फ्लॅट बघतोय, बावधनला.

चिंचेचं_बुटुक | रात्री ११:१२

मामी????

कोपऱ्यावरचा_मामा | २७ जून, सकाळी ६:४५

मामीने धागा पहिल्याच आठवड्यात वाचला होता. तिच्या भिशीतल्या कोणीतरी इथे आहे, कोण ते मी शोधतोय. पोरगी आमच्याकडेच राहणार, बाल्कनीकडची खोली. भाडं म्हणून रविवारची कणीक तिने मळायची, आणि मीही.

मामीने विचारलंय, गावी गेली तर खाडे कसे धरायचे?

सदाशिवातला_परका | सकाळी ७:२०

चौथ्या दिवसापासून. काकूंचा नियम होता.